नवव्या दिवशी ठेवलेलं नाव

एक कोडं घालते. एका यंत्राला वीज मिळते आहे, पाणी मिळतं आहे. पडदा उजळतो, पंखा फिरतो. कुठं काही तुटलेलं नाही, जळलेलं नाही, सैल झालेलं नाही. त्याच्यासारखीच दुसरी यंत्रं दुसऱ्या गावांत व्यवस्थित चालतात. हे मात्र चालत नाही. का?

हे कोडं डोक्यात घेऊन मी नऊ दिवस हिंडत होते. शेवटी उत्तर सापडलं, तेव्हा ते माझ्याच उजव्या हाताच्या पहिल्या बोटापाशी येऊन थांबलं. ते पुढं सांगतेच, आधी बाकीचं ऐका.

मी कस्तुरी संकपाळ. सातवीत आहे, पण सगळे दिवस नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार मी सातवीत असते आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार लाँचमध्ये. आमचं करंजघर धरणाच्या पाण्यापलीकडे आहे. लाँच आता डिझेलवर चालत नाही, छपरावरच्या काचांतून ऊन घेऊन चालते, तरी पलीकडे पोचायला तिला सव्वा तास लागतोच. पुढं दोन तास बस. मग शहरातला दवाखाना. तिथं आईचं चार तास डायलिसिस (मूत्रपिंडं निकामी झाली की रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी यंत्रानं गाळून काढणं). मग परत बस, परत लाँच. दुसऱ्या दिवशी आईनं पडून राहायचं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा निघायचं. बाबा पुण्याला गाडीवर आहेत, महिन्यातून दोन रविवार येतात. म्हणून पिशवी धरायला मी. दीड वर्षं हे चाललंय. लोक म्हणतात, पोरगी किती समजूतदार आहे. मी समजूतदार वगैरे काही नाही, मी दमलेली आहे.

म्हणून गावाच्या उपकेंद्रातच डायलिसिसचं यंत्र येणार असं कळलं, तेव्हा मी उड्या मारल्या नाहीत. उड्या मारायला अंगात त्राण लागतं. मी फक्त आईला विचारलं, मग सोमवारी मला शाळेत जाता येईल का? आई म्हणाली, बघू.

यंत्र एका शनिवारी लाँचमधून आलं. कपाटाएवढं, पांढरं, एका बाजूला खुर्ची आणि वर पडदा. दोन फिटरांनी पाण्याची नळी जोडली, आणि रविवारी सकाळी यंत्र पहिल्यांदा बूट झालं. बूट होणं म्हणजे बंद यंत्रानं जागं होऊन एकेक काम हातात घेणं. आमच्या गावातल्या बायका ते बघायला हळदीकुंकू घेऊन आल्या होत्या. यंत्रानं डोळे उघडल्यासारखा पडदा लावला तशी हौसाआजी, म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी बाई, म्हणाली की आज हे जन्मलं, आता बाराव्या दिवशी याचं बारसं करायचं. कुणी नाही म्हणालं नाही. कित्येक वर्षांत गावात बारसं झालं नव्हतं, पोरं सगळी शहरातच जन्मतात.

त्यानंतर काय झालं ते बघा. पडद्यावर आठ दिवे होते. यंत्राच्या पोटात आठ सेवा चालतात. सेवा म्हणजे पडद्यामागे गुपचूप, न थांबता काम करणारा प्रोग्रॅम. एक सेवा पाणी तपासते, एक पंप फिरवते, एक रक्तात हवेचा बुडबुडा शिरत नाही ना ते बघते, अशा सात. आठवी दुवा सेवा. ती शहरातल्या दवाखान्याशी बोलते, म्हणजे तिथल्या डॉक्टरीणबाईंना इथला पेशंट आणि सगळे आकडे दिसतात. डॉक्टरांची नजर असल्याशिवाय यंत्र रक्ताचा एक थेंबही घेत नाही, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे.

सात दिवे हिरवे झाले. आठवा लाल. फिटरांनी यंत्र बंद करून चालू केलं, पुन्हा लाल. त्यांची लाँच सुटायला आली होती. इंजिनियर येतील, असं सांगून ते गेले. इंजिनियर आल्या त्या पुढच्या सोमवारी, यंत्राच्या नवव्या दिवशी.

त्या सोमवारी सकाळी आई पायरीवर बसून चप्पल घालायचा प्रयत्न करत होती. शुक्रवारनंतर सोमवार हा सगळ्यात लांबचा टप्पा असतो. मधल्या दिवसांत अंगात पाणी साठतं आणि पाय सुजतात. चप्पल काही पायात जाईना. तिनं ती बाजूला ठेवली आणि अगदी हळू, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशी म्हणाली, "कस्तू, आज हितं झालं तर झालं. न्हाईतर मी आता परत लाँचात बसायची न्हाई. लई झालं."

मी विचारलं, मग? ती सुजलेला पाय दाबत राहिली. डायलिसिस थांबवलं तर काय होतं ते आम्हा दोघींनाही माहीत आहे, दवाखान्याच्या भिंतीवरच तसा तक्ता लावलाय. मी हे कुणालाच सांगितलं नाही. बाबांना फोन करावा असं मनात आलं, पण ते गाडी चालवत असणार. मी तिची पिशवी भरली, तिला अनवाणीच उपकेंद्रापर्यंत नेलं आणि ओसरीवर बसवलं. शहरातली संध्याकाळची पाळी गाठायची तर तीनची लाँच शेवटची. म्हणजे माझ्या हिशोबात आजचा दिवस तीन वाजता संपत होता.

इंजिनियर म्हणजे रझिया मुलाणी. चौसष्ट वर्षांच्या, निवृत्त झालेल्या, तरी यंत्र अडलं की कंपनी त्यांनाच फोन करते. सहा दिवसांत हे त्यांचं चौथं गाव होतं. लाँचमधून उतरल्यावर त्यांनी आधी बसायला काहीतरी मागितलं, मग बिनदुधाचा चहा, आणि मग यंत्राकडे बघितलं. मी मॅडम म्हणाले तर म्हणाल्या, आजी म्हण, मॅडम ऐकलं की मला कामाला बसल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, कामालाच तर बसलाय. त्या हसल्या, पण डोळ्यांखालची काळी वर्तुळं हसली नाहीत.

उपकेंद्राच्या शालन सिस्टरांकडे लसीकरणाची रांग होती, म्हणून हाताशी मी. रझिया आजींची पद्धत अशी की त्या काही दुरुस्त करायच्या आधी नुसत्या प्रश्न विचारतात. वीज नीट येते का? मीटर बघितला, येते. पाणी? येतं. अँटेना? आईच्या मोबाइलवरून शहरात डॉक्टरीणबाईंना फोन लावला, चेहरा स्वच्छ दिसला. म्हणजे रस्ता उघडा होता. प्रत्येक उत्तरानंतर त्या कागदावर एक ओळ खोडायच्या. मला वाटलं, हे सगळं कशाला, लाल दिवा तर समोर दिसतोय. त्या म्हणाल्या की लाल दिवा फक्त कोण आजारी आहे ते सांगतो, आजार सांगत नाही.

मग त्यांनी दुवा सेवा हातानं सुरू केली. दिवा पिवळा झाला. एक, दोन, तीन. पुन्हा लाल.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "ती सुरू होत नाही असं नाही. सुरू होते आणि पडते. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

सुरूच होत नसती तर प्रोग्रॅमच गायब किंवा मोडका असता. सुरू होऊन पडते म्हणजे ती पुढं जाऊन काहीतरी शोधते, ते तिला मिळत नाही आणि ती हात टेकते. आता काय शोधते ते बघायचं. त्यासाठी आजींनी लॉग उघडला. लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी. यंत्र जे जे करतं ते वेळेसकट त्यात लिहीत जातं, कुणी वाचो न वाचो. सगळ्यात खाली लिहिलं होतं: दुवा सेवा थांबली. पाच वेळा प्रयत्न केला. सोडून दिलं. मला त्या सेवेची कीवच आली.

त्याच्या वर होतं: दवाखान्याच्या संगणकानं आत घेतलं नाही, ओळख पटली नाही. आजींनी दवाखान्यात फोन लावला. तिकडच्या माणसानं बराच वेळ घेतला आणि सांगितलं की करंजघरच्या यंत्राची किल्ली आमच्याकडे कधी आलेलीच नाही.

किल्ली म्हणजे लोखंडाची नव्हे. ती एक भली मोठी गुप्त संख्या असते. यंत्र ती स्वतःच बनवतं, आपलं नाव, आपलं गाव आणि आपण जागं झाल्याची वेळ एकत्र घुसळून. दवाखान्याचा संगणक तिच्यावरून ओळखतो की बोलणारं यंत्र खरंच करंजघरचं आहे, कुणी सोंग घेऊन आलेलं नाही. आणि ही किल्ली यंत्र जन्मात एकदाच बनवतं, पहिल्या बूटला. रोज नवी बनवली तर दवाखाना रोज विचारेल, तुम्ही कोण?

"म्हणजे आपल्याला पहिल्या दिवसापर्यंत मागं जायला हवं," आजी म्हणाल्या. "लोक लॉगची शेवटची ओळ वाचतात, कारण ती सगळ्यात मोठ्यानं ओरडते. पण खरं काय ते पहिल्या कुरकुरीत असतं."

त्या बोटानं पडदा वर सरकवायला लागल्या. नऊ दिवसांची रोजनिशी. साडेबारा वाजले. ओसरीवर आई भिंतीला डोकं टेकून बसली होती. हौसाआजी तिच्याशेजारी पाय पसरून बसली होती आणि तिला गावातल्या बायकांनी बारशासाठी सुचवलेली नावं सांगत होती. संजीवनी, गंगाबाई, आणि एकीनं तर ऐश्वर्या सुचवलं होतं. आई हं हं करत होती. तिचा आवाज ऐकून मला लॉगमधली ती ओळ आठवली, सोडून दिलं. मी पडद्याकडे बघायला लागले.

एक वाजता ती ओळ सापडली. रविवार, सकाळचे दहा वाजून बावीस मिनिटं. नाव: रिकामं. किल्ली: नावाशिवाय बनवता आली नाही.

आता ते बोटाचं सांगते.

त्या रविवारी फिटरांचे हात पाण्यात होते. पडद्यावर यंत्र प्रश्न विचारत होतं आणि फिटरनं मला सांगितलं, पोरी, जरा उत्तरं दाब. भाषा? मराठी. गाव? करंजघर. यंत्राचं नाव? मी मागं वळून बायकांना विचारलं. हौसाआजी कडाडली की बारशाच्या आधी कुणी नाव ठेवतं का, खुळी आहेस का? खाली एक बटण होतं, 'नंतर'. मी ते दाबलं. यंत्र काही बोललं नाही, पुढच्या प्रश्नावर गेलं. मला वाटलं, झालं.

हे आता सांगावं की गप्प बसावं असा विचार मी केला. खोटं कशाला बोलू, केला. फिटरांवर ढकलता आलं असतं, ते इथं नव्हतेच. पण आजी डोळे चोळत पुन्हा तीच ओळ वाचत होत्या, नाव रिकामं कसं राहिलं म्हणून कागदावर नवे प्रश्न लिहीत होत्या, आणि प्रत्येक प्रश्नाला दहा मिनिटं लागत होती. माझ्याकडे तेवढी मिनिटं नव्हती.

"आजी, ते मी केलं," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि म्हणाल्या की 'नंतर' म्हटल्यावर यंत्रानं थांबायला हवं होतं, ते पुढं पळालं हा यंत्र बनवणाऱ्यांचा आळस आहे. तुझी चूक एवढीच की तू बायकांचं ऐकलंस, आणि बायका म्हणत होत्या ते काही वाईट नव्हतं. मग त्या ओसरीवर गेल्या आणि हौसाआजीला म्हणाल्या की याचं नाव आज ठेवावं लागेल.

हौसाआजीनं मान हलवली. तीन दिवस थांबायला काय झालं? रझिया आजी म्हणाल्या, आमच्यात सातव्या दिवशी ठेवतात, आमच्या हिशोबानं तुम्हाला आधीच दोन दिवस उशीर झालाय. हौसाआजीला हे पटलं नाही, पण हसू मात्र आलं. आईनं आता डोळे उघडले. ती भिंतीला टेकूनच म्हणाली की आपल्यातही पाळण्यातलं नाव वेगळं आणि कागदावरचं वेगळं असतंच की. आत्ता कागदावरचं लिहू दे, पाळण्यातलं गुरुवारी ठेवा.

"ह्ये चालतंय," हौसाआजी म्हणाली. "कागदावरचं तूच सांग. तुजंच रगत जायाचंय त्यातनं."

आईनं थोडा वेळ पाण्याकडे बघितलं. तिथून धक्का दिसतो, लाँच लागते तो. "मुक्काम," ती म्हणाली. "मुक्काम लिवा. आता कुटं जायाला नगं."

संजीवनी आणि ऐश्वर्यापेक्षा हे मला जास्त आवडलं. मी स्वतःच्या हातानं टाइप केलं, त्याच बोटानं. आजींनी यंत्र बंद करून चालू केलं. आम्ही दोघी दिव्याकडे बघत राहिलो. पिवळा. एक, दोन, तीन.

लाल.

मला रडू आलं. उगीच लपवत नाही. पावणेदोन वाजले होते. आजी खुर्चीत मागं टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं त्या झोपल्या. मग डोळे मिटूनच त्यांनी मला विचारलं की नाव होतं, गाव होतं, वेळ होती, तरी किल्ली का बनली नसेल? मी म्हटलं, मला काय माहीत. त्या म्हणाल्या, मग लॉगला विचार, मी जरा डोळ्यांना विश्रांती देते.

मी पुन्हा त्या रविवारच्या पानावर गेले. किल्ली बनवता आली नाही, याच्या लगेच खाली आणखी एक ओळ होती. मघाशी आम्ही वरच्याच ओळीपाशी थांबलो होतो. त्या ओळीत लिहिलं होतं: पहिल्या बूटची सगळी कामं पूर्ण. खूण केली. आणि आजच्या पानावर: खूण आहे, पहिल्या बूटची कामं वगळली.

मी ती ओळ तीनदा वाचली. पूर्ण कशी? किल्ली तर बनली नव्हती. काम झालंच नव्हतं आणि झाल्याची खूण आधीच केली होती. आता यंत्र रोज जागं झालं की ती खूण बघणार, आपलं सगळं झालंय असं समजणार आणि पुढं जाणार. नाव दिलं काय, न दिलं काय. शंभर वेळा बंद-चालू केलं असतं तरी तो दिवा लालच राहिला असता.

हे मला इतक्या पटकन का कळलं, ते सांगायला मला लाज वाटते. आईला दिवसाला मोजकंच पाणी प्यायची परवानगी आहे. घरात एक तक्ता आहे, ती प्रत्येक वेळी पाणी प्यायली की त्यात खूण करायची. ते काम माझं. दोनेक महिन्यांपासून मी सकाळीच पूर्ण दिवसाच्या खुणा करून टाकत होते. उठसूट कोण बघणार? तक्ता भरलेला दिसायचा, दवाखान्यात सिस्टर शाबासकी द्यायच्या, आणि आईचे पाय सुजत राहायचे. का सुजतात ते तक्त्यावरून कुणालाच कळायचं नाही, कारण तक्त्यात सगळं बरोबर होतं.

"आजी," मी म्हटलं, "यंत्र माझ्यासारखं वागलंय." आणि हेही सांगून टाकलं. एका दिवसात दोन कबुल्या, माझ्यासाठी खूप झाल्या.

आई दारात येऊन उभी होती. तिनं ऐकलं. मी मान खाली घातली.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "मी बी बघून न बघितल्यावानी केलं. दोघी बी दमलोय, बाय."

रझिया आजींनी डोळे उघडले. त्या ताठ बसल्या, आणि पहिल्यांदाच त्या सकाळपेक्षा तरुण दिसल्या. म्हणाल्या, चल, मग ती खूण पुसू. पण पुसायच्या आधी त्यांनी फिटरांनी बसवलेली पाण्याची सगळी मापं वेगळी जपून ठेवली, कारण पहिलं बूट पुन्हा करायचं म्हणजे यंत्र स्वतःला नवं जन्मलेलं समजणार आणि आधीचं विसरणार. कुठलीही दुरुस्ती करताना जे चालतंय ते आधी बाजूला सांभाळून ठेवायचं, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हेही. दोन बदलल्या तर कुणामुळे बरं झालं ते कळत नाही.

खूण पुसली. यंत्र बंद केलं. दोन वाजून बारा मिनिटांनी मी बटण दाबलं.

यंत्र नव्यानं जागं झालं. भाषा? मराठी. गाव? करंजघर. नाव? मुक्काम. 'नंतर'कडे मी बघितलंही नाही. लॉगमध्ये एकेक ओळ उमटायला लागली आणि मी मोठ्यानं वाचत गेले, म्हणजे ओसरीवर ऐकू जावं. नाव मिळालं. किल्ली बनवत आहे. किल्ली बनली. दवाखान्याला कळवलं. मग बराच वेळ काहीच नाही. हौसाआजीनं ओसरीवरून विचारलं, मेलं का काय? आणि मग: ओळख पटली.

आठवा दिवा पिवळा झाला. एक, दोन, तीन, चार, पाच. हिरवा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शालन सिस्टर हात धुऊन आल्या, पाण्याची मापं परत घातली, यंत्रानं स्वतःची तपासणी पूर्ण केली, आणि पडद्यावर डॉक्टरीणबाई दिसल्या. त्यांनी आईचं वजन विचारलं, पाय बघितले, आणि तक्ता कुठंय विचारलं. मी सांगितलं की तक्ता खोटा आहे, उद्यापासून खरा देते. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंस, आता सुजेचं गणित जुळलं.

रझिया आजींना तीनच्या लाँचनं परत जायचं होतं. त्यांच्या घरी नातीचा वाढदिवस होता. पण पहिलं डायलिसिस सोडून जाता येत नाही, म्हणून त्यांनी घरी फोन करून सांगितलं की उद्या येते, केक राहिला तर ठेवा. मग चटईवर बसून त्यांनी कंपनीला पत्र लिहायला घेतलं. अजून एकोणीस गावांत अशी यंत्रं जायची आहेत. त्यांनी पहिली सूचना लिहिली की नावाच्या प्रश्नाला 'नंतर' हे बटण असू नये. दुसरी सूचना त्यांनी मला सांगायला सांगितली. मी म्हटलं, काम झालं का ते बघून मगच खूण करावी, आणि झालं नसेल तर पुढच्या बूटला पुन्हा करून बघावं. त्यांनी ते तसंच लिहिलं, आणि खाली लिहिलं: सूचना, कस्तुरी संकपाळ, सातवी. मी म्हटलं, अर्धीच सातवी. त्या म्हणाल्या, आता पुरी होईल.

मी भिंतीवरून तारखेचं जुनं पान फाडलं आणि त्याच्या पाठीवर नवा तक्ता आखला. पहिल्या रकान्यात एकच खूण केली, सकाळच्या चहाची. बाकीचे रकाने मोकळे ठेवले. ते मोकळे बघताना हात शिवशिवत होता, पण ठेवले.

रक्त नळीतून जायला लागलं होतं. आईचे पाय उशीवर होते, डोळे मिटलेले. धक्क्यावरून लाँचचा भोंगा वाजला, एकदा, मग परत एकदा. मग पाण्याचा आवाज लांब गेला.

"गेली का गं लाँच?" आईनं डोळे न उघडताच विचारलं.

"गेली."

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि तिला झोप लागली. मीही खुर्चीच्या पायाशी बसले, दप्तर उघडलं आणि उद्याचा, म्हणजे मंगळवारचा अभ्यास काढला. मग आठवलं, आता बुधवारचाही काढायला हवा.